जबाबदारी संगणकप्रमुखाची, अधिकार कोणाचा?

१० नोव्हेंबर २०२३ रोजी शुक्रवार होता आणि धनत्रयोदशी होती. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्यानंतर रविवारी आपल्याकडे लक्ष्मीपूजन आणि बंगालमध्ये कालीपूजा. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या यूको बँकेच्या यंत्रणेत त्या शुक्रवारपासून सोमवार १३ नोव्हेंबरपर्यंत जे घडले, त्याची चर्चा आर्थिक वृत्तपत्रांत आठवडाभर चालली आणि मग थांबली. प्रशासनाच्या दृष्टीने ती इतक्या लवकर थांबायला नको होती, म्हणून हा लेख.

आधी घटना समजून घेऊ. आयएमपीएस ही तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू केली. एका बँकेतला खातेदार मोबाईलवरून पैसे पाठवतो, त्याच्या खात्यात ती रक्कम नावे पडते, एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेतून निरोप दुसऱ्या बँकेला जातो आणि तिथल्या खात्यात रक्कम जमा होते. सगळे काही सेकंदांत. त्या चार दिवसांत मात्र सात खासगी बँकांच्या सुमारे १४ हजार ६०० खातेदारांनी सुरू केलेले व्यवहार यूको बँकेच्या ४१ हजारांहून अधिक खात्यांत जमा होत गेले, आणि पाठवणाऱ्या बँकांच्या नोंदीत ते व्यवहार अयशस्वी म्हणून दिसत राहिले. पाठवणाऱ्याचे पैसे गेलेच नाहीत, घेणाऱ्याला मात्र मिळाले. असे साडेआठ लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि एकूण रक्कम ८२० कोटी रुपयांपर्यंत पोहोचली. बँकेने सेवा बंद केली, खाती गोठवली आणि काही दिवसांतच सुमारे ६४९ कोटी रुपये, म्हणजे ७९ टक्के रक्कम परत मिळवल्याचे जाहीर केले. उरलेल्यातली बरीच रक्कम खातेदारांनी काढून घेतली होती.

बँकेच्या तक्रारीवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. त्या तक्रारीत दोन सपोर्ट इंजिनिअर आणि इतर अज्ञात व्यक्ती यांचा उल्लेख होता. डिसेंबरमध्ये कोलकाता आणि मंगळुरू येथे झडती झाली, आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थान व महाराष्ट्रातील ६७ ठिकाणी. कोण दोषी हे ठरवण्याचे काम तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे आहे. त्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. माझा प्रश्न व्यक्तीविषयी नसून पदाविषयी आहे. कोणत्याही मोठ्या संस्थेत माहिती तंत्रज्ञान विभागाचा जो प्रमुख असतो, त्याच्याकडून आपण काय अपेक्षा करतो आणि ती पुरी करण्यासाठी त्याच्या हाती काय देतो? यूको बँकेचे चार दिवस हे या प्रश्नाकडे पाहण्याचे निमित्त आहे. हीच घटना उद्या एखाद्या महानगरपालिकेत, विद्यापीठात किंवा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत वेगळ्या रूपाने घडू शकते.

जुन्या पेढीवरचा मुनीम संध्याकाळी दिवा लागला की किर्द पुरी करायचा, खतावणीशी पडताळायचा आणि शिल्लक जुळल्याशिवाय उठायचा नाही. पुढे बँकांतही हाच शिरस्ता राहिला. जमा आणि नावे यांचा ताळमेळ लागेपर्यंत शाखेचे दार बंद होत असे, पण माणसे आत असत. दुसऱ्या बँकेकडून पैसे आलेच नाहीत आणि आपण मात्र ते जमा केले, अशी चूक त्या पद्धतीत फार तर एक दिवस टिकली असती. आता दिवसाची ती अखेरच राहिलेली नाही. आयएमपीएस सुरुवातीपासून अहोरात्र चालते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र झाले. ग्राहकाची मोठी सोय झाली यात शंका नाही. पण संस्थेचे प्रशासन मात्र अजून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत राहते. शनिवारी-रविवारी ते गावाला जाते. टिपणी सोमवारी सादर होते, सही मंगळवारी होते. यंत्रणा चोवीस तास चालते आणि निर्णय आठ तास होतात. उरलेल्या सोळा तासांचा भार ज्याच्या खांद्यावर असतो, तो संगणकप्रमुख. मला वाटते, त्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका विसंगतीत सापडते.

ही विसंगती हल्लेखोरांना आपल्या आधी कळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश स्विफ्ट यंत्रणेतून पाठवले गेले. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले. आदेश गेले गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये सुट्टी आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. ज्या प्रिंटरवर आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश आपोआप छापले जात, तो शुक्रवारी चालत नव्हता. प्रिंटर बिघडणे ही कोणत्याही कचेरीतली नित्याची गोष्ट, म्हणून ते कोणाला गंभीर वाटले नाही. पुढे मार्चमध्ये तिथल्या गव्हर्नरांना राजीनामा द्यावा लागला. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरचा हल्लाही असाच. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता. त्या दिवशी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि १३ तारखेला हाँगकाँगमधील खात्यात रक्कम वळती झाली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ढाका, पुणे आणि कोलकाता येथील तिन्ही प्रकरणांची कारणे वेगवेगळी आहेत, त्यांना एका माळेत ओवणे बरोबर नाही. पण तिन्हींत सुट्टीचे दिवस आहेत, आणि हे प्रशासकांनी मनावर घ्यावे असे साम्य आहे.

कोलकात्याला या विषयाचा एक इतिहास आहे आणि तो आजच्या प्रश्नाला उपयोगी पडणारा आहे. भारतातला पहिला अंकीय संगणक याच शहरात आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बारानगरला, १९५५-५६ मध्ये एचईसी-२एम हे ब्रिटिश यंत्र बसवले गेले. दोन-तीन वर्षांत सोव्हिएत रशियाचे उराल यंत्र आले. १९६६ मध्ये सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून आयसिजू-१ हा संगणक देशातच घडवला. आणि त्याच दशकात, त्याच शहरात, आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवल्यावर कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. इलाको हाऊस या इमारतीवर त्यांनी रात्रंदिवस पहारा ठेवला आणि यंत्र बसू दिले नाही. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती होती. हा प्रश्न देशभर इतका तापला की स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांमध्ये संगणक यायला त्यानंतरही दहा वर्षे लागली. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीचा यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला.

आज या विरोधाकडे पाहून हसण्याची पद्धत आहे. मला त्यात एक गोष्ट आदराने लक्षात ठेवावीशी वाटते. त्या काळात संगणक हा सगळ्या संस्थेचा प्रश्न मानला गेला होता. कारकून, अधिकारी, संघटनेचे पुढारी, अर्थतज्ज्ञ, मंत्री असे सगळेजण त्यावर भांडत होते. यंत्र आल्याने कोणाचे काम कसे बदलेल, चुकले तर कोण उत्तर देईल, माणसाने काय करायचे आणि यंत्राने काय, असे प्रश्न उघडपणे विचारले जात होते. मग १९९० नंतर विरोध मावळला, आणि विरोधाबरोबर प्रश्नही मावळले. संगणक म्हणजे संगणक विभागाचे काम, असे ठरून गेले. इलाको हाऊसच्या दारात रात्रभर बसणारी माणसे चुकीच्या निष्कर्षावर आली असतील, पण ती जागी होती. आजच्या संस्था योग्य निष्कर्षावर येऊन झोपल्या आहेत आणि जागे राहण्याचे काम त्यांनी एका अधिकाऱ्याला लावून दिले आहे.

त्या अधिकाऱ्याच्या अडचणी कोणत्या, त्या आता क्रमाने मांडतो.

पहिली अडचण जबाबदारी आणि अधिकार यांच्या विषम वाटणीची. माझ्या सेवाकाळात मी एक कार्यालय पाहिले. तिथल्या संगणक कक्षात तीन वातानुकूलन यंत्रे होती, त्यांतले एक बंद पडले. संगणकप्रमुखाचे वित्तीय अधिकार इतके तोकडे की दुरुस्तीसाठी त्याला नस्ती वर पाठवावी लागली. ती पाच टेबलांवरून फिरली. एका टेबलाने विचारले, दोन यंत्रे चालू असताना तिसऱ्याची गरज काय? मे महिन्यात दुसरे यंत्रही बंद पडले, सर्व्हर तापून थांबला आणि दोन दिवस लोकांचे दाखले अडले. खुलासा मागितला गेला तो संगणकप्रमुखाकडून. ज्या टेबलावर नस्ती तीन आठवडे होती, त्याला कोणी काही विचारले नाही. हा अनुभव अपवादात्मक नाही. प्रशासनात काम केलेल्या प्रत्येकाला अशी एखादी नस्ती आठवेल.

दुसरी अडचण बाहेरच्या माणसांची. आज कोणतीही मोठी यंत्रणा एकट्या संस्थेची नसते. सॉफ्टवेअर एका कंपनीचे, ते चालवणारे इंजिनिअर दुसऱ्या कंपनीचे, डेटा सेंटर तिसऱ्याचे, जाळे चौथ्याचे. सर्वांत नाजूक किल्ल्या पुष्कळदा अशा तरुण कंत्राटी इंजिनिअरच्या हाती असतात, ज्याचा पगार संस्था देत नाही, ज्याची चौकशी संस्था करत नाही आणि जो सहा महिन्यांत दुसरीकडे जाणार असतो. मी त्या तरुणाला दोष देत नाही. तिजोरीची किल्ली दोघांकडे असावी आणि दोघांनी मिळून तिजोरी उघडावी, हा आपल्या कोषागारांचा फार जुना नियम. तिजोरीच्या जागी संगणक आला तेव्हा तो नियम कोणी नेऊन तिथे लावला नाही, हे माझे दुःख आहे. आणि लहान संस्थांची स्थिती आणखी कठीण. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादार कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा परिणाम झाला. धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला तात्पुरते वेगळे केले आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या, मुख्यतः सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांची पैसे देण्याघेण्याची सेवा थांबली. त्या बँकांच्या संगणकप्रमुखांच्या हाती त्या दिवशी वाट पाहण्याखेरीज काही नव्हते.

तिसरी अडचण बदलीची. सार्वजनिक बँकांत आणि सरकारी खात्यांत संगणक विभागाचे प्रमुखपद हे पुष्कळदा बढतीच्या वाटेवरचे एक स्थानक असते. सर्वसाधारण शाखेतला हुशार अधिकारी तिथे येतो, दोन वर्षे राहतो, यंत्रणा समजू लागते तोच त्याची बदली होते. मी स्वतः सर्वसाधारण शाखेतला माणूस आहे आणि सर्वसाधारण अधिकाऱ्याने तांत्रिक विभाग चालवू नये असे मी म्हणणार नाही. विभागाचा हेतू, माणसे आणि पैसा यांची जुळणी त्याला चांगली करता येते. पण धरणावर नेमलेल्या अभियंत्याची बदली आपण ऐन पावसाळ्यात करत नाही, कारण ते पाणी कोठून कसे येते हे त्याच्या डोक्यात असते. संगणक यंत्रणेचा पावसाळा बारमाही आहे.

चौथी अडचण पैशाची. नवीन प्रकल्पाला उद्घाटन असते, पाटी असते, छायाचित्र असते. देखभालीला यातले काही नसते. अंदाजपत्रकात कपात करायची वेळ आली की पहिला हात देखभालीवर पडतो, कारण देखभाल बंद केल्याचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. जुनी आवृत्ती बदलायची राहते, चाचणीसाठी वेगळी यंत्रणा घ्यायची राहते, दुसऱ्या शहरातल्या राखीव केंद्राची तालीम राहते. शिवाय निविदेत सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम, हा नियम खडी आणि सिमेंटसाठी ठीक असेल, रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचा दर त्याने ठरवता येत नाही.

पाचवी अडचण भाषेची. संगणकप्रमुख संचालक मंडळासमोर उभा राहतो तेव्हा तो तांत्रिक शब्दांत बोलतो आणि मंडळ नफ्यातोट्याच्या शब्दांत ऐकते. त्याला मिळालेली दहा मिनिटे संक्षेपनामे समजावण्यात जातात. मंडळ विचारते, सर्व सुरक्षित आहे ना? तो म्हणतो, होय. दोघांनाही हे उत्तर खरे नाही याची अंधुक जाणीव असते. असे का व्हावे? मला वाटते, धोका शब्दांत न सांगता रकमेत आणि तासांत सांगण्याची सवय या पदाने लावून घेतली पाहिजे. ही सेवा सहा तास बंद राहिली तर किती लोकांचे पगार अडतील, ही पडताळणी एक दिवस चुकली तर किती कोटींची रक्कम उघड्यावर पडेल, असे सांगितले तर कोणत्याही अध्यक्षाला ते समजते. इथे जबाबदारी दोन्हीकडे आहे. तसे सांगणे हे संगणकप्रमुखाचे कर्तव्य, आणि विचारणे हे मंडळाचे.

योगायोग असा की यूको बँकेची घटना घडण्याआधी तीनच दिवस, ७ नोव्हेंबर २०२३ रोजी, रिझर्व्ह बँकेने माहिती तंत्रज्ञानाचे नियमन, जोखीम आणि नियंत्रण यांविषयीचे सर्वसमावेशक निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांत काही गोष्टी फार चांगल्या आहेत. संचालक मंडळाची स्वतंत्र तंत्रज्ञान समिती असावी, तिचे अध्यक्षपद तंत्रज्ञानाची जाण असलेल्या स्वतंत्र संचालकाकडे असावे, तिची तिमाहीतून किमान एक बैठक व्हावी. माहिती सुरक्षेचा प्रमुख हा तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली नसावा आणि त्याला धंद्याची उद्दिष्टे देऊ नयेत. रखवालदार आणि कोठारी वेगळे असावेत, हे शहाणपण त्यात आहे. पण हे निर्देश व्यापारी बँका, मोठ्या वित्तसंस्था वगैरेंसाठी आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१९ ची वेगळी, श्रेणीनुसार कमी-अधिक अपेक्षा ठेवणारी चौकट आहे. आणि महानगरपालिका, विद्यापीठे, महामंडळे, सरकारी रुग्णालये यांना तर रिझर्व्ह बँकेचे यातले काहीच लागू नाही. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने याचा विचार केला पाहिजे.

शिवाय निर्देशांनी समिती नेमता येते, अधिकार देता येत नाही. तो संस्थेच्या प्रमुखाने स्वतःहून सोडावा लागतो. सर्वांत कळीचा अधिकार म्हणजे थांबवण्याचा. शनिवारी रात्री अकरा वाजता एखाद्या संगणकप्रमुखाला पडद्यावर काहीतरी विचित्र दिसले. जमा रकमा वाढत आहेत आणि समोरच्या बँकांकडून येणे जुळत नाही. सेवा बंद करावी का? बंद केली आणि काही निघाले नाही, तर सोमवारी हजारो ग्राहकांच्या तक्रारी, वरिष्ठांचा रोष आणि गोपनीय अहवालात शेरा. बंद केली नाही आणि निघाले, तर चौकशी. धरले तर चावते, सोडले तर पळते. अशा वेळी सामान्य माणूस वरिष्ठांना फोन लावतो, वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांना लावतात, आणि तेवढ्यात आणखी काही हजार व्यवहार होऊन जातात. यूको बँकेत त्या रात्री असेच झाले असे मी म्हणत नाही. कोणत्याही संस्थेत असेच होईल, असे मात्र खात्रीने म्हणतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तंत्रज्ञाला सेवा बंद करण्याचा अधिकार दिला तर तो जरा काही झाले की बंद करील, आणि दिवाळीच्या दिवशी ज्याला दवाखान्यात पैसे भरायचे आहेत त्याचे काय? याचे उत्तर रेल्वेकडे आहे. रुळांची पाहणी करत चालणाऱ्या की-मनला रूळ तुटलेला दिसला, तर तो लाल झेंडी दाखवून हावडा-मुंबई मेल थांबवू शकतो. त्यासाठी त्याला महाव्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. रेल्वेच्या उतरंडीत त्याचे पद अगदी खालचे, पण त्या क्षणी त्याचा अधिकार सर्वांत वरचा. म्हणून काही रोज उठून गाड्या थांबवल्या जात नाहीत, कारण केव्हा थांबवायची, किती अंतरावर काय करायचे आणि नंतर कोणाला कळवायचे, हे नियमपुस्तकात लिहिलेले आहे. त्याच रेल्वेची आरक्षण यंत्रणा पाहा. १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही संगणकीय यंत्रणा १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे जोडून देशभर एक झाली. इंटरनेटवर तिकिटे मिळू लागल्यावरही मध्यरात्रीच्या सुमारास थोडा वेळ आरक्षण बंद ठेवण्याचा प्रघात तिने पाळला. प्रवाशांनी तो स्वीकारला, कारण तो आधी सांगितलेला होता. न सांगता पडलेली यंत्रणा लोकांना चीड आणते. सांगून थांबवलेली यंत्रणा ते समजून घेतात.

तेव्हा माझ्या सूचना अशा.

१. प्रत्येक संस्थेने लेखी आदेशाने ठरवावे की कोणती लक्षणे दिसली तर कोणती सेवा कोणी, कोणालाही न विचारता, थांबवायची. त्या आदेशानुसार थांबवणाऱ्यावर, नंतर धोका निघाला नाही तरी, कारवाई होणार नाही हेही त्यात लिहावे.

२. ताळमेळाला सुट्टी नसावी. दर काही तासांनी जमा-नावेची पडताळणी व्हावी, फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर निरोप एकट्या संगणक विभागाला न जाता वित्त विभागाच्या प्रमुखालाही जावा. सणाच्या सुट्ट्यांच्या आधीच्या आठवड्यात चालू यंत्रणेत कोणताही बदल करू नये.

३. नाजूक किल्ल्यांना कोषागाराचा दुहेरी कुलुपाचा नियम लावावा. कंत्राटी इंजिनिअर बदल करील, पण संस्थेच्या कायम अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय तो अमलात येणार नाही.

४. संगणकप्रमुखाचा कार्यकाळ किमान तीन वर्षे असावा आणि त्याचा उत्तराधिकारी सहा महिने आधी त्याच्याबरोबर काम करत असावा.

५. देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात पहिला बाजूला काढावा. शेतकरी धान्य विकण्याआधी बियाणे काढून ठेवतो, तसा. आणि छोट्या दुरुस्तीचे वित्तीय अधिकार संगणकप्रमुखाला पुरेसे असावेत.

६. प्रत्येक यंत्रणेला संगणक विभागाबाहेरचा एक मालक असावा. वसुलीची यंत्रणा वसुली अधिकाऱ्याची, पगाराची आस्थापना विभागाची. तिच्या नियमांवर त्याची सही असावी, म्हणजे "ते संगणकवाल्यांना विचारा" असे म्हणण्याची सोय राहणार नाही.

७. बिघाडानंतरच्या दोन चौकशा वेगळ्या ठेवाव्यात. विमान अपघाताच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय दंडक असा आहे की तो तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नाही. शिस्तभंगाची कारवाई स्वतंत्रपणे होऊ द्यावी. एकाच चौकशीत दोन्ही केल्या तर कोणी खरे बोलत नाही, आणि जे कळायला हवे तेच कळत नाही.

यातल्या एकाही सूचनेला नवे यंत्र लागत नाही. बहुतेकांना एक आदेश आणि एक सही पुरते. म्हणूनच त्या कठीण आहेत. यंत्र खरेदी करताना प्रमुखाच्या हातून फक्त पैसा जातो, अधिकार देताना त्याच्या हातून अधिकार जातो.

यूको बँकेसारखी जुनी, मोठी, देशभर शाखा असलेली संस्था अशा प्रसंगातून सावरते, सेवा पुन्हा सुरू करते आणि बहुतांश रक्कम परत मिळवते. तिच्यामागे सरकार उभे असते. तालुक्याच्या गावातल्या नागरी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या मागे कोणी नसते. तिथे ठेवी असतात त्या निवृत्त शिक्षकांच्या, दुधाच्या पैशांच्या, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या. तिथला संगणकप्रमुख म्हणजे बहुधा एक तरुण मुलगा, ज्याला सगळे "कॉम्प्युटरवाला" म्हणतात आणि जो प्रिंटरची शाईही बदलतो. त्याच्या हाती चार हजार कुटुंबांची पुंजी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि संचालकांनाही ते उमगलेले नसते.

हा लेख वाचणाऱ्यांत काही जण अशा संस्थांचे अध्यक्ष, संचालक, आयुक्त किंवा विभागप्रमुख असतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की आपल्या संस्थेतल्या त्या अधिकाऱ्याला उद्या बोलावून एक प्रश्न विचारावा. दिवाळीच्या रात्री पडद्यावर काही वेगळे दिसले तर यंत्रणा बंद करण्याचा अधिकार तुला आहे का? तो उत्तर देण्याआधी घुटमळला, तर आदेश त्याच दिवशी काढावा.